‘काँगोतून काही घेत नाही’ एवढं लिहून सही करू नका

प्रश्न हिंगणा एमआयडीसीतल्या एका उद्योजकाचा आहे. ते कंट्रोल पॅनलचे छोटे बोर्ड आणि वायर हार्नेस (कनेक्टर लावलेल्या तारांचे जुडगे) बनवतात, आणि माल पुण्याच्या एका कंपनीमार्फत जर्मनीला जातो. तिथून ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स’ची, म्हणजे संघर्षाच्या भागातून येणाऱ्या खनिजांची, एक्सेल फाइल आली आहे आणि मुदत पंधरा दिवसांची आहे. त्यांचं म्हणणं असं: “आम्ही काँगोतून कधी खिळासुद्धा घेतला नाही. सगळा माल सीताबर्डीच्या नाहीतर पुण्याच्या ट्रेडरकडून, जीएसटी बिलावर. सगळीकडे ‘नो’ लिहून मोकळं झालं तर बिघडलं काय? एक कन्सल्टंट म्हणतो, मी भरून देतो, तुम्ही फक्त शिक्का मारा. आणि खरं सांगा, याने तिकडच्या कुणाचं भलं होतं का, की नुसतं कागदी नाटक आहे?”

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, त्यावर सावकाश बोलू. आधी ‘नो’चं बघू.

‘नो’ लिहू नका, कारण ते खरं आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. फॉर्म तुम्हाला ‘काँगोतून खरेदी करता का’ असं विचारतच नाही. तुमच्या मालात जो धातू आहे तो ज्या स्मेल्टरमध्ये, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणाऱ्या कारखान्यात, तयार झाला, त्या स्मेल्टरकडे काँगो किंवा त्याच्या शेजारच्या नऊ देशांतलं खनिज येतं का, असा तो प्रश्न आहे. ट्रेडरचं बिल फार तर माल भिवंडीहून आला की पिंपरीहून, एवढंच सांगेल. माझं अर्धं आयुष्य पर्चेस आणि सप्लायर ऑडिटमध्ये गेलं. बुटीबोरी-हिंगण्यात दहापैकी सात-आठ जण हा प्रश्न चुकीचा वाचतात आणि बिनधास्त सही ठोकतात.

आलेली फाइल बहुतेक सीएमआरटी, म्हणजे ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्टिंग टेम्प्लेट’, असेल. रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह, म्हणजे आरएमआय, नावाची उद्योगांची संस्था ती काढते. त्यात चार धातू विचारतात: कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं. याचं मूळ अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातल्या कलम १५०२ मध्ये आहे. पूर्व काँगोत सशस्त्र टोळ्या खाणींवर आणि खाणीच्या वाटांवर वसुली करत, आणि त्या पैशावर लढाई चालू राही. म्हणून अमेरिकी बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी आपल्या मालातल्या या धातूंचा माग काढून दरवर्षी अहवाल द्यायचा, असं ठरलं. पहिले अहवाल २०१४ साली आले. युरोपचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तो हे धातू आणि त्यांचं खनिज थेट आयात करणाऱ्यांना लागू आहे आणि काँगोपुरता मर्यादित नाही, जगातला कुठलाही संघर्षग्रस्त किंवा जोखमीचा भाग त्यात येतो. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून आहे, आधी तीन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आणि २०२४ पासून एक हजारावर असलेल्यांना.

यातला एकही कायदा हिंगण्याच्या कारखान्याला थेट लागू नाही. तो तुमच्यापर्यंत येतो पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांतून. युरोपात असे नियम सैल करण्याची ओढाताण सुरू आहे, पण तुम्ही सही केलेलं कलम त्याने आपोआप सैल होत नाही. आणि ‘आमच्या बोर्डात सोनं असेल तर किती, मिलिग्रॅमभर’ हा बचावही चालत नाही. अमेरिकी नियमात अमुक वजनाखाली सूट, असं काही ठेवलेलंच नाही.

आता कामाला लागा. बीओएम, म्हणजे मालातल्या सगळ्या भागांची यादी, काढा, एक तयार बोर्ड टेबलावर घ्या आणि एकेक भाग बघत जा. शिशाविरहित एसएसी ३०५ सोल्डर वापरत असाल तर त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. जुनी ६३/३७ तार असेल तर ६३ टक्के कथील. म्हणजे कथलाला ‘येस’ आलंच. हार्नेसच्या टर्मिनलवरचा पांढरा मुलामा बहुतेक वेळा कथलाचाच, टिन्ड कॉपर वायरचंही तेच. कनेक्टरच्या पिना किंवा पीसीबीचे (छापील सर्किट बोर्डाचे) पॅड पिवळे चमकत असतील तर ते निकेलवर चढवलेलं सोनं. आयसीच्या पोटात सोन्याची बाँडिंग तार असू शकते, हल्ली पुष्कळ ठिकाणी तांब्याचीही असते. ती डोळ्यांना दिसत नाही, उत्पादकाला विचारावं लागतं. पिवळा, चपटा, एका टोकाला पट्टी असलेला कपॅसिटर दिसला तर तो टँटलमचा. ती पट्टी प्लसच्या बाजूला असते. नवीन पोरं मायनस समजून उलटा लावतात आणि टेस्टिंगला तो फटाक्यासारखा फुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला टंगस्टन. टिग वेल्डिंगची इलेक्ट्रोड आणि कार्बाइडचे ड्रिल तुम्ही वापरता, पण ते मालासोबत जर्मनीला जात नाहीत. फॉर्मचा पहिला प्रश्न ‘जाणूनबुजून वापरता का’ असा आहे आणि दुसरा ‘तो मालात उरतो का’ असा. दुसऱ्याला ‘नो’ आलं की त्या धातूपुरतं तुमचं काम संपलं. ‘नो’ लिहायची खरी जागा ही आहे.

मग विचारपूस सुरू करा, आणि ट्रेडरपाशी थांबू नका. कनेक्टर आणि कपॅसिटरचं सोपं आहे. टीई, मोलेक्स, विशे यांसारख्या मोठ्या कंपन्या आपली भरलेली सीएमआरटी स्वतःच देतात, ती घ्या आणि तारीख बघा. सोल्डर बनवणाऱ्याला थेट मेल करा. पीसीबीवाल्याला करा. अडतं ते आपल्या जवळच्याच माणसापाशी, टिन प्लेटिंग करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याकडे. त्याला स्मेल्टरचं नाव विचारलं की तो म्हणतो, “साहेब, आम्ही भाव बघून घेतो, कारखाना कोण बघतो?” त्याच्याशी वाद घालू नका. शेडमध्ये जा आणि न वापरलेली कथलाची लगड दाखवायला सांगा. चांगल्या शुद्ध कथलाच्या लगडीवर स्मेल्टरचा ब्रँड ओतीव अक्षरांत असतो. ‘बांका’ असं असेल तर माल इंडोनेशियाच्या पीटी तिमाह या सरकारी कंपनीचा. मोबाइलवर फोटो काढा, खरेदीचं बिल जोडा, आणि आरएमआयच्या यादीत त्या स्मेल्टरचा सीआयडी नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, शोधा. दहा पानांच्या ‘पॉलिसी’पेक्षा असा एक फोटो ऑडिटमध्ये जास्त काम करतो.

सगळा भर स्मेल्टरवरच का, असं वाटेल. खाणी हजारो आहेत, त्यातल्या कित्येक फावड्या-घमेल्याच्या. मालाचे ग्राहक लाखो आहेत. मधले स्मेल्टर आणि रिफायनऱ्या मात्र काही शेच आहेत. त्याच्या आधी खनिजाच्या पोत्याला गाव असतं, टॅग असतो, वजनाची पावती असते. भट्टीत गेल्यावर ते सगळं संपतं. गिरणीत चार घरचे गहू एकत्र दळल्यावर कुणाचं पीठ कुठलं ते सांगता येत नाही, तसंच. म्हणून तपासणी तिथेच होते. बाहेरचा ऑडिटर स्मेल्टरची खरेदीची वही तपासतो, आणि पास झालेल्याला आरएमआय ‘कन्फॉर्मंट’ म्हणते. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही, जी या सगळ्याचा पाया आहेत, स्मेल्टरचं बाहेरून ऑडिट ही वेगळी पायरी आहे. तुमच्यासारख्या छोट्या कारखान्याला पूर्व काँगोतल्या कीवूच्या डोंगरात जायचं नाही. स्मेल्टरच्या नावापर्यंत पोचायचं आहे.

आणि इथेच सगळ्यात जास्त खोटेपणा चालतो. एका ऑडिटमध्ये माझ्यासमोर एका पुरवठादाराची फाइल आली. फक्त क्रिम्प केलेल्या केबल बनवणारा, बोर्डाचं काम नाही. स्मेल्टरच्या यादीत टँटलमचे डझनावारी कारखाने! क्रिम्प केबलमध्ये टँटलम आलं कुठून? कुठल्या तरी मोठ्या कंपनीची यादी जशीच्या तशी चिकटवली होती. फाइल हिरवी झाली, एकही लाल रकाना उरला नाही, म्हणून ती बरीच वर्षं चालून गेली. तुमचा कन्सल्टंट हेच करणार असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सही कंपनीच्या अधिकाऱ्याची असते, भरून देणाऱ्याची नसते.

संबंधित पुरवठादारांपैकी किती जणांनी उत्तर दिलं, असा एक प्रश्न फॉर्ममध्ये आहे. त्याला शंभर टक्के, नव्वदच्या वर, पंचाहत्तरच्या वर, पन्नासच्या वर, पन्नास किंवा कमी, आणि अजिबात नाही असे पर्याय आहेत. पहिल्या वर्षी ‘पन्नासच्या वर’ लिहायला लाजू नका. सगळे स्मेल्टर सापडले का, याला ‘नो’ लिहिलं तरी ऑर्डर जात नाही. जाणकार कस्टमर उलट पहिल्याच वर्षी शंभर टक्के लिहिणाऱ्याकडे संशयाने बघतो. फॉर्ममध्ये व्याप्ती निवडायची सोय आहे. अख्ख्या कंपनीऐवजी फक्त या कस्टमरला जाणाऱ्या पार्ट नंबरपुरतं डिक्लरेशन देता येतं. सुरुवातीला तेच करा.

रिसायकलच्या रकान्याकडे जरा जपून बघा. कथलाचा ड्रॉस (वितळताना वर जमणारी मळी) तुम्ही सोल्डरवाल्याला परत देत असाल आणि तो त्यातूनच तार काढून देत असेल, तर चांगलंच आहे. पण ‘शंभर टक्के रिसायकल’ लिहायला त्याच्याकडून लेखी हवं. सोन्यात तर ‘जुनं सोनं’ हा शब्दच संशयाचा आहे. पूर्व काँगोतलं सोनं शेजारच्या देशांतून आखाताकडे जातं, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने अनेकदा लिहिलं आहे. एकदा वितळलं की त्याला मोड म्हणून खपवणं सोपं. आपल्या इतवारीच्या सराफ्यातल्या कुणालाही विचारा, वितळलेल्या सोन्याचं गोत्र सांगता येतं का.

आता नाटकाचं. तुमचा संशय अर्धा खरा आहे.

डॉड-फ्रँक आल्यावर काय झालं? सप्टेंबर २०१० मध्ये काँगोचे अध्यक्ष काबिला यांनी पूर्वेच्या तीन प्रांतांत खाणकामच बंद केलं, ते मार्च २०११ मध्ये उठलं. तोवर पुष्कळ परदेशी खरेदीदारांनी ‘कटकट नको’ म्हणून त्या भागाकडे पाठ फिरवली होती. टोळ्यांचं मीठ-तेल त्याने बंद झालं नाही, त्या सोन्याकडे वळल्या. ज्यांचं बंद झालं ते पोटासाठी कुदळ मारणारे लोक होते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०२४ मध्ये स्पष्टच लिहिलं, की या नियमामुळे पूर्व काँगोतला हिंसाचार कमी झाल्याचा पुरावा सापडत नाही. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस एम-२३ बंडखोरांनी रुबाया हे टँटलमच्या खनिजाचं मोठं ठिकाण ताब्यात घेतलं. तिथलं कोल्टन, म्हणजे तेच खनिज, सीमेपार रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने नोंदवलं आहे. म्हणजे पोत्याला टॅग असला तरी पोत्यात काय आहे याची खात्री टॅग देत नाही.

मग उरलेला अर्धा भाग कोणता? २०१० च्या आधी कुठल्याही मोठ्या मोबाइल कंपनीला विचारलं असतं, तुमचं टँटलम कुठल्या भट्टीत तयार होतं, तर त्यांच्या पर्चेसवाल्याला सांगता आलं नसतं. आज अॅपल, इंटेलसारख्या कंपन्या स्मेल्टरची नावं छापतात. त्यामुळे पत्रकार, वकील, संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ, खुद्द काँगोचं सरकार बोट ठेवून विचारू शकतं. डिसेंबर २०२४ मध्ये काँगोने अॅपलच्या उपकंपन्यांविरुद्ध फ्रान्स आणि बेल्जियममध्ये फौजदारी तक्रारी केल्या, अॅपलने आरोप नाकारले. निकाल काहीही लागो, नावांची यादीच नसती तर बोलणंच सुरू झालं नसतं. माझ्या मते या फॉर्मचं खरं काम एवढंच आहे. तो टोळी हटवत नाही, पण ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय काढून घेतो. आणि तुमची खोटी यादी नेमकं तेच काम बिघडवते.

म्हणूनच ‘काँगोचं नकोच’ ही भूमिकाही मला पटत नाही. ओईसीडी थेट संबंध तोडायला सांगते ते अत्याचार, सक्तीची मजुरी, बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार, सशस्त्र टोळीला पैसा अशा गोष्टी दिसल्या तर. बाकी त्रुटींसाठी खरेदी चालू ठेवून सुधारणा मागा, असं तिचं सांगणं आहे. कोबाल्टचं घ्या. जगाच्या खाणींतलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोत निघतं, त्यातलं काही कोल्वेझीच्या आसपास हातखाणींतून. तिथल्या मुलांवरचा अॅम्नेस्टीचा अहवाल जानेवारी २०१६ मध्ये आला. बॅटरीवाल्यांनी हातखाणीचा माल नको म्हटलं, म्हणून तो जमिनीतच राहिला असं नाही. तो दलालाकडे पडत्या भावाने गेला आणि मोठ्या खाणीच्या मालात मिसळला. मूल खाणीत उतरतं कारण बापाच्या पोत्याला भाव मिळत नाही. भाव आणखी पाडून ते बाहेर कसं येणार?

फॉर्मची नजरही अरुंद आहे, हे सांगून ठेवतो. ‘बांका’च्या लगडीला काँगोच्या प्रश्नात ‘नो’ येईल आणि ते खरंही असेल. पण इंडोनेशियाच्या बांका-बेलितुंग बेटांभोवती समुद्राचा तळ उपसून कथील काढतात, आणि त्यात प्रवाळ आणि कोळ्यांची मासेमारी गेली. सीएमआरटीत याला रकाना नाही. कस्टमरने विचारलं नाही म्हणून आपणही विचारायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

ज्यांना हे सगळं आफ्रिकेचं वाटतं त्यांच्यासाठी अभ्रक. हीटर, इस्त्री, पॅनलमधली उष्णतारोधक पट्टी यांत अभ्रक असतं आणि त्यासाठी ईएमआरटी नावाचा दुसरा फॉर्म आहे. तो कोबाल्ट आणि अभ्रकासाठी होता, नव्या आवृत्तीत तांबं, लिथियम, निकेल, ग्रॅफाइट आले आहेत. तुम्ही हार्नेसवाले, तेव्हा तांब्याचा प्रश्न आज ना उद्या येणारच. झारखंडच्या कोडर्मा-गिरिडीह पट्ट्यात १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर कितीतरी खाणी बंद पडल्या. लोक मात्र राहिले, आणि टाकाऊ ढिगारे उकरून ‘ढिबरा’, म्हणजे अभ्रकाचे तुकडे, वेचू लागले. पोरं-बाया बिळात शिरतात, छत कोसळतं, आणि मेलेल्याची नोंद होत नाही, कारण खाण कागदावर नाहीच. याउलट दंतेवाड्याकडे आदिवासी कुटुंबं नाल्याकाठची माती धुऊन कथिलाचं खनिज काढतात, तर छत्तीसगडचं खनिज विकास महामंडळ ते त्यांच्याकडून विकत घेतं. भावाबद्दल तक्रारी असू शकतात, पण खरेदीदार सरकारी, ठिकाण ठरलेलं, पावती मिळणारी. ढिबऱ्यात नेमकं तेच नाही.

आणि नागपूरकरांनी तरी खाण दूरची मानू नये. खाणींचा हिशेब ठेवणारं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मँगनीज काढणाऱ्या सरकारी मॉइल कंपनीचं मुख्यालय काटोल रोडला आहे, गुमगाव-मनसरचं मँगनीज इथूनच चालतं, आणि भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गला त्यापासून ड्राय सेलमध्ये लागणारं मँगनीज डायऑक्साइड बनतं. कुही-खोबना भागात टंगस्टनच्या खनिजाच्या नोंदी जुन्याच आहेत. २०२३ च्या महत्त्वाच्या खनिजांच्या सरकारी यादीत टंगस्टन आहे. उद्या कुहीत कुणी ड्रिल लावलं, तर ग्रामसभेला विचारलं का, विहिरींचं काय झालं, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा गावात आला की शहराच्या रस्त्यावर गेला, हे प्रश्न आपण कंपनीला विचारणारच. आज तोच प्रश्न जर्मनीतून तुम्हाला आला आहे.

एक गल्लत नेहमी होते. ‘आमची सीएसआर आहे ना’ म्हणून लोक शाळेत दप्तरं वाटल्याचा फोटो जोडतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ चे दोन टक्के मोठ्या कंपन्यांना लागू आहेत. तुम्हाला ते लागू नसतील, आणि असले तरी सोल्डर कुठून येतं याच्याशी दप्तरांचा संबंध नाही. आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर ते सेबीचं बीआरएसआर, म्हणजे कंपनीने आपल्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा द्यायचा अहवाल. पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना ते २०२२-२३ पासून सक्तीचं आहे, आणि त्यात कच्चा माल किती टक्के जबाबदारीने घेतला हे विचारतात. म्हणजे उद्या हीच फाइल तुमचा भारतीय कस्टमरही पाठवेल.

पंधरा दिवसांत सगळं होणार नाही, तसं पुण्याला आजच कळवा. पहिल्या दोन दिवसांत बीओएमवर खुणा करा, तिसऱ्या दिवशी सगळे मेल जाऊ द्या, दहाव्या दिवशी फोन करा, आणि जेवढं हातात येईल तेवढ्यावर फाइल भरा. हे काम स्टोअरच्या माणसाकडे द्या, त्याला कुठली तार कुठल्या रॅकवर आहे ते माहीत असतं, कन्सल्टंटला नसतं. पाठवण्याआधी फाइलची आवृत्ती तपासा, जुन्या आवृत्तीत भरलेली परत येते. शेरा लिहायच्या जागी साधं लिहा: ‘सोल्डर, पीसीबी आणि कनेक्टर उत्पादकांची उत्तरं मिळाली. प्लेटिंगच्या कथलाचा स्मेल्टर शोधणं चालू आहे, दोन महिन्यांत सुधारित फाइल पाठवू.’ आणि तारीख टाका.